फवारणीच्या पंपातला उजेड

मे महिना, संध्याकाळचे साडेसात. आमच्या गावात वारं सुटलं की पहिले लाईन जाते, मग पाऊस येते. हे पहा, गेली. डीपीवरचा, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवरचा, डीओ फ्यूज उडाला असन तर तासाभरात येईन, पण कुठं खांब पडला असन तर रात्रभर काही खरं नाही.

आधी घरोघरी चिमणी होती, कंदील होता, राखेनं काच पुसायचं काम पोरींकडं. आता रॉकेलच कुठं भेटते? मोबाईलचा टॉर्च लावून त्यावर पाण्याची बाटली ठेवली तर उजेड खोलीभर पसरते हे खरं आहे, पण उन्हाळ्याच्या रात्री इचू-सापाचं भेव, कोणाले काही चावलं तर १०८ ले फोन लावाले मोबाईलमध्ये चार्जिंग पाहिजे ना. म्हणून आमच्या घरी मोबाईल जाळत नाही.

अंगणाच्या कोपऱ्यात तो फवारणीचा पंप दिसून राहिला ना, उजेड त्याच्यात आहे. आतमध्ये १२ व्होल्ट ८ अँपिअर-अवरची बॅटरी, म्हणजे ९६ वॅट-अवर. ५ वॅटचा डीसी एलईडी बल्ब लावला आणि बॅटरी चांगली असली तर अर्ध्या बॅटरीतच ९ तास निघते. अर्धीच का, तर ही शिसाची बॅटरी, पूर्ण उतरवली की तिच्या प्लेटा खराब होते. बल्ब मात्र १२ व्होल्टचाच पाहिजे, घरातला साधा बल्ब याच्यावर लागत नाही. प्लसच्या वायरीत मोटरसायकलचा छोटा फ्यूज टाका, कारण वायर चिपकली तर एवढीशी बॅटरीही आग लावू शकते.

आणि पंप घरात आणू नका, बाप्पा. बाहेरच बॅटरी काढायची, ओल्या फडक्यानं पुसायची, साबणानं हात धुवायचे, मगच आत. २०१७ मध्ये आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषानं किती घरं बसली ते आम्ही डोळ्यानं पाहिलं, त्या औषधाचा थेंबही लेकरांच्या ताटाजवळ नको.

अजून एक गोष्ट, ही मी हात जोडून सांगतो. काही जण दोन्हीकून पिना असलेली वायर करतात आणि जनरेटर नाही तर इन्व्हर्टर सरळ घरच्या सॉकेटात घुसवतात. मेन स्विच चालू राहिला तर तो करंट उलटा डीपीपर्यंत जाते, आणि जी डीपी ११ हजार व्होल्टचे आपल्याले २३० करून देते तीच उलटी २३० चे ११ हजार करते. वर खांबावर कोण असते? लाईनमन. लाईन बंद आहे समजून तारेले हात लावते तो. म्हणून आपला उजेड घरच्या वायरिंगले जोडायचाच नाही, बॅटरीतून वेगळी वायर, वेगळा बल्ब, बस.

हरभऱ्याची शेवटची फवारणी झाली की हा पंप पावसाळ्यापर्यंत पडून राहते, बॅटरी आपोआप उतरते आणि ऐन कपाशीच्या फवारणीले पंप चालत नाही. आमची बॅटरी उन्हाळाभर कामात राहते, म्हणून तिसरं वर्ष आहे तिचं.

साडेअकरा झाले. तिकडं खांबावर टॉर्च हलून राहिला. पोरगी विचारते, "बाबा, येईन का लाईन?" आली की पहिले बॅटरी चार्जिंगले लावतो, मोबाईल मागून.