'जमलं' म्हणायला काय जातंय!

नमस्कार मंडळी, कसे आहात? आज सुरुवात गुडघ्यापासून करते. माझ्याच गुडघ्यापासून. म्हणजे झालं असं की दोनेक वर्षांपूर्वी डावा गुडघा कुरकुरायला लागला, फिजिओथेरपिस्टकडे गेले, त्या बाईंनी नीट तपासून व्यायामाचा एक कागद हातात दिला, बारा प्रकार, रोज चाळीस मिनिटं, आणि मी पण काय जोशात होते, नवीन मॅट आणली, फोनला अलार्म लावला, घरात सगळ्यांना सांगून टाकलं की आता बघाच तुम्ही. नव्याचे नऊ दिवस म्हणतात ना, मी नंतर कॅलेंडर काढून मोजले तर खरंच नऊ निघाले. दहाव्या दिवशी पाहुणे होते, अकराव्या दिवशी कंटाळा होता, बाराव्या दिवशी मॅट गुंडाळून कपाटावर गेली. आरंभशूर हा शब्द ज्याने कुणी काढला त्याच्या डोळ्यासमोर बहुतेक माझ्यासारखंच कुणीतरी असणार.

तीन महिन्यांनी तोंड लपवत परत त्यांच्याकडे गेले. त्या ओरडल्या नाहीत. तोच कागद घेतला आणि पेनने अकरा प्रकार खोडून टाकले. म्हणाल्या, दात घासून झाले की खुर्चीत बसायचं, पाय समोर सरळ करायचा, पाच आकडे मोजायचे, खाली ठेवायचा, दोन्ही पायांचं पाच पाच वेळा, बस्स. आणि झालं की लगेच स्वतःला म्हणायचं, जमलं!

मला वाटलं मस्करी करतायत. म्हटलं, अहो पाय उचलला यात जमलं काय म्हणायचं, लहान मूल पण उचलतं. तर म्हणाल्या, म्हणून तर बघा, म्हणायला काय जातंय!

पण जातं हो काहीतरी. लाज जाते. स्वतःची पाठ स्वतः थोपटायची नाही हे आपल्या इतकं अंगात मुरलेलं असतं की पहिले काही दिवस मी बाथरूमचं दार लावून, नळ सोडून, पुटपुटत म्हणायचे, जमलं. एकदा ह्यांनी ऐकलं. काय जमलं म्हणून विचारलं. काही नाही म्हटलं, पाय.

आता यामागे काही आहे की नुसतीच गंमत, म्हणून मी वाचायला लागले. १८९८ साली एडवर्ड थॉर्नडाइक नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने मांजरांवरचे त्याचे प्रयोग छापले. मांजर पिंजऱ्यात, बाहेर खाऊ, आत कुठेतरी एक खटका. मांजर आधी नुसती धडपड करते, ओरबाडते, चुकून खटका दाबला जातो, दार उघडतं, खाऊ मिळतो. परत पिंजऱ्यात ठेवलं की थोडी कमी धडपड, मग आणखी कमी, शेवटी शेवटी आत ठेवल्या ठेवल्या पंजा खटक्यावर. ज्या कृतीनंतर बरं वाटतं ती पक्की होत जाते, असा त्याने पुढे नियमच मांडला. ह्यात मला महत्त्वाचा वाटतो तो वेळ. दार उघडलं की खाऊ, लगेच. खटका दाबल्यावर मांजरीला कुणी सांगितलं असतं की शाब्बास, खाऊ तीन महिन्यांनी मिळेल, तर ती काय शिकली असती?

आणि आपण स्वतःला नेमकं हेच सांगतो. गुडघा तीन महिन्यांनी बरा होणार, वजन सहा महिन्यांनी उतरणार, भाषा वर्षाने बोलता येणार, आणि पहाटे पांघरुणातून उठायचा त्रास मात्र आज, आत्ता, रोख. फायदा उधार. पी हळद आणि हो गोरी म्हणून आपण दुसऱ्याला हसतो, पण सवयीच्या बाबतीत मेंदूचा हिशोब बराचसा तसाच असतो, त्याला हळद प्यायल्या प्यायल्या काहीतरी दिसायला हवं असतं. मग खरा फायदा येईपर्यंत मधल्या काळात मेंदूला द्यायचं काय? तर ते हे, जमलं!

स्टॅनफर्ड विद्यापीठातले बी. जे. फॉग कित्येक वर्षं हेच सांगतायत. सवय इतकी छोटी करा की नाही म्हणायला लाज वाटेल, रोजच्या एखाद्या ठरलेल्या कामाला ती चिकटवा, आणि झाल्या क्षणी आनंद साजरा करा. त्यांचं प्रसिद्ध उदाहरण म्हणजे दातांच्या फटी दोऱ्याने साफ करायच्या तर एकच दात करायचा. एकच! वाचून मी हसले, आणि मग आठवलं, आपण पाय उचलून टाळी वाजवतोय.

बरं, साजरं करणं म्हणजे केक, पार्टी, ऑनलाइन शॉपिंग नव्हे हं. इथे बरीच गल्लत होते. पंधरा दिवस व्यायाम केला की स्वतःला नवीन ड्रेस, असं ठरवणं म्हणजे लालूच झाली, आणि लालूच कधी कधी उलटते. १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या तिघांनी नर्सरीतल्या मुलांवर एक प्रयोग केला. मुलं अशी निवडली की ज्यांना आधीपासूनच चित्रं काढायला आवडायचं. काहींना आधी सांगितलं, चित्र काढलंस तर बक्षीस मिळेल. काहींना चित्र काढून झाल्यावर अचानक तेच बक्षीस दिलं. काहींना काहीच नाही. एकदोन आठवड्यांनी बघितलं तर ज्यांना आधी बक्षीस कबूल केलं होतं त्याच मुलांचा चित्रांतला रस कमी झाला होता, बाकीची मजेत रंगवत होती. मी तरी यातून माझ्यापुरतं एवढं घेतलं की बक्षीस कबूल करायचं नाही, शाब्बास म्हणायचं.

आणखी एक खड्डा आहे, मी त्यात पडलेय. एवढं छान जमतंय तर आज सुट्टी घेऊ. आयलेट फिशबाख आणि रवी धर यांच्या २००५ सालच्या एका प्रयोगात डाएट करणाऱ्यांना त्यांची प्रगती चांगली झाल्याचं जाणवून दिलं, तर सफरचंद की चॉकलेट या निवडीत त्यांचा हात चॉकलेटकडे जास्त गेला! म्हणून 'किती मजल मारली मी' यापेक्षा 'मी हे रोज करणारी बाई आहे' असं म्हटलेलं बरं पडतं, निदान मला तरी.

अन् ते २१ दिवसांचं प्लीज विसरा. मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाचे एक प्लास्टिक सर्जन होते, त्यांनी १९६० साली लिहिलं की पेशंटला आपला नवा चेहरा आपलासा वाटायला किमान एकवीसेक दिवस लागतात. पुढे किमान गळलं, चेहरा गळला, आणि उरलं काय तर कोणतीही सवय २१ दिवसांत! लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ जणांना घेऊन १२ आठवडे हे मोजलं, तेव्हा सवय अंगवळणी पडायला मध्यम आकडा ६६ दिवसांचा आला, आणि माणसागणिक फरक तर १८ पासून, बारा आठवड्यांच्या पुढचा अंदाज गणिताने बांधून, २५४ दिवसांपर्यंत. म्हणजे बावीसाव्या दिवशी कंटाळा आला तर तुमच्यात काही बिघाड नाहीये. त्यातच हेही दिसलं की एखादा दिवस चुकला म्हणून फारसं बिघडत नाही. हे मला कुणीतरी त्या दहाव्या दिवशी सांगायला हवं होतं, ते पाहुणे होते त्या दिवशी.

माकडांच्या मेंदूचं एक सांगायचं राहिलं. वोल्फराम शुल्ट्झ या मेंदूशास्त्रज्ञांनी माकडांना दिवा दाखवून मग ज्यूसचे थेंब दिले. सुरुवातीला ज्यूस मिळाला की मेंदूतल्या डोपामिनच्या (बक्षिसाशी जोडलेलं मेंदूतलं एक रसायन) पेशी चेकाळायच्या. माकड शिकलं तसं त्या पेशी दिवा लागतानाच जाग्या व्हायला लागल्या आणि ज्यूसला शांत राहायला लागल्या. माकड ते माकड आणि मी ती मी, मान्य आहे, पण मागच्या महिन्यात बहिणीकडे राहायला गेले होते. सकाळी ब्रश ठेवला, तिच्याशी काहीतरी बोलत बोलत बाहेर आले, खुर्चीत बसले, बोलतच होते, आणि ती म्हणाली अगं हे काय करतेयस. खाली बघितलं तर डावा पाय सरळ समोर. आणि मग लक्षात आलं की जमलं म्हणायचं मी कधी बंद केलं ते मला आठवतच नाहीये.

काही नाही गं म्हटलं, पाय. आणि दुसरा उचलला.