बेचाळीस आणि नलवत्तेरडू

नमस्कार श्रोतेहो. यंदा पहिल्यांदाच शिक्षक म्हणून वर्गावर उभ्या राहिलेल्या आमच्या सीमाभागातल्या मुलामुलींसाठी आज बोलतेय. त्यातल्या एकीने परवा रडत फोन केला. वर्गात चूक झाली आणि पोरं हसली म्हणून. तिला माझ्या पहिल्या वर्षातली भाताची गोष्ट सांगितली, तीच तुम्हालाही सांगते.

माझं माहेर महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यातलं, सासर कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यातलं. आमच्याकडच्या सोयरिकी राज्याची हद्द बघून ठरत नाहीत. लग्नानंतर एका मराठी शाळेत अतिथी शिक्षिका म्हणून लागले, तेव्हा बसवरची कन्नड पाटीही मला वाचता येत नव्हती. आकडे तेवढे घोकले होते. बिसियूट, म्हणजे दुपारचं गरम जेवण, रांधणाऱ्या अक्का बैलहोंगलकडच्या, कन्नड बोलणाऱ्या. हजेरी झाली की त्यांना हजर मुलांचा आकडा सांगायचा, हे काम माझ्याकडे आलं.

त्या दिवशी हजर होती 42 मुलं. बेचाळीस. आधी ‘बे’, मग ‘चाळीस’. मी त्याच क्रमाने कन्नड जुळवलं, दोन आधी आणि चार मागून, आणि ठामपणे सांगितलं, “इप्पत्तनाल्कू.” अक्का म्हणाल्या, “हौद्री,” म्हणजे बरं. आणि त्यांनी 24 जणांचा भात टाकला.

लहान मुलाला 100 ग्रॅम आणि सहावी-सातवीच्या मुलाला 150 ग्रॅम धान्य, असा हिशेब असतो. त्यात 18 ताटं कमी म्हणजे पातेलं अर्ध्या रांगेतच खरवडलं गेलं. बाहेर पाऊस धो धो. खानापूरचा पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना ओली चूल पुन्हा पेटवणं म्हणजे काय ते ठाऊक आहे. अक्कांनी एका शब्दानं मला दुखावलं नाही, दुसरा भात चढवला. मी मात्र खांबाला धरून उभी होते. घास घशाखाली उतरला नसता.

भात शिजेपर्यंत पोरांना गुंतवायचं म्हणून फळ्यावर 42 लिहिलं आणि माझं काय चुकलं ते सांगून टाकलं. जवळजवळ अख्खी शाळा हसली. मलाही हसू आलं, खरंच आलं. तेवढ्यात पाचवीतला एक मुलगा उठला. कन्नडच्या तासाला तो बाकाखाली मान घालायचा. चुकलं तर हसतील, ही त्याची धास्ती. तो म्हणाला, “टीचर, नलवत्तेरडू म्हणायचं. कन्नडात चाळीस पहिलं येतं.”

मग पाऊण तास तोच शिकवत होता. मराठीत एकोणपन्नास म्हणजे पन्नासाला एक कमी, कन्नडात मात्र नलवत्तोंबत्तू, चाळिसावर नऊ. हे त्यानेच फळ्यावर मांडून दाखवलं. एवढं सोपं करून मला कुणी सांगितलं नव्हतं. मी चुकत होते, तो दुरुस्त करत होता, आणि मान वर करून बोलत होता. फोनवरच्या त्या मुलीला मी एवढंच विचारलं, सगळे हसत असताना कोण हसलं नाही ते पाहिलंस का? त्याच्याकडे जा. तो चुकायला घाबरतोय.

दुसऱ्या दिवशी आकडा सांगायला मी त्यालाच पाठवलं. स्वयंपाकघराच्या दारातून त्याचा आवाज आला, “अक्का, नलवत्तमूरू!”

मी धावले. “अरे, त्रेचाळीस कुठली? हजेरी बेचाळीसच आहे की.”

“पोरं बेचाळीसच हायत टीचर,” तो म्हणाला, “पण तुम्ही काल जेवला नाहीसा की.”