नकलेची नकल

मित्रहो, आधी एक करा. दोन्ही हातांच्या बोटांचे आकडे करून एकमेकांत अडकवा. मागच्या रांगेतल्यांनीही. हां, आता ओढून बघा. सुटत नाही ना? अमेरिकी मालगाडीचा कपलर, म्हणजे दोन डबे जोडणारा आकडा, तो हाच. त्याच्या तोंडाशी जो वाकडा, बिजागरीवर फिरणारा भाग असतो त्याला इंग्रजीत 'नकल' म्हणतात, म्हणजे बोटाचा सांधा. आणि आपण ८७ पट लहान डबे बनवणारी मंडळी त्या नकलेची नकल करतो! माझा आग्रह इतकाच, की ही नकल दिसण्यापेक्षा वागण्यात उतरली पाहिजे.

इलाय जॅनींनी १८७३ साली या पकडीचं पेटंट घेतलं. त्याआधी ब्रेकमन दोन डब्यांच्या मध्ये उभा राहून, हातानं कडी धरून तिच्यात खिळा टाकायचा. बोटं जायची, हात जायचे, जीव जायचे. अखेर १८९३ मध्ये तिथल्या कायद्यानं आपोआप जुळणारे कपलर सक्तीचे केले. म्हणून कुणी "एवढासा तर आकडा!" म्हणालं की मला राहवत नाही.

या एवढ्याशा आकड्यानं मला तीन रात्री जागवलं होतं. प्रदर्शन तोंडावर आलेलं, बावीस डब्यांची मालगाडी. चढ सुरू झाला की गाडी तुटायची, दर वेळी अकराव्या-बाराव्या डब्यांमध्येच. पहिल्या रात्री मी रूळ उखडून पुन्हा बसवले. दुसऱ्या रात्री इंजिन खोललं. तिसऱ्या रात्री डब्यांची वजनं केली. मित्र म्हणाला, "अरे, दोरा बांध!" (तो आज इथे बसलाय, हसतोय बघा.) पहाटे सहज म्हणून रुळावर उंचीचं माप ठेवलं. बारावा डबा नवाकोरा, खोक्यातून काढून सरळ लावलेला. त्याचा कपलर मिलीमीटरभर खाली! सपाटीवर चालून जायचं. चढाच्या तोंडाशी पुढचा डबा वर उचलला, की खालचा कपलर अलगद निसटायचा. चाकांचा सांगाडा आणि डबा यांच्यामध्ये एक पातळ वॉशर घातला. त्यानंतर गाडी एकदाही तुटली नाही. तेव्हापासून माप घेतल्याशिवाय मी एकही डबा रुळावर ठेवत नाही, तुम्हीही ठेवू नका.

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरलीत. आणि कपलर चालतो कसा, हे सांगायचंच राहिलंय! भराभर सांगतो.

खऱ्या कपलरात नकल मिटली की आतला लोखंडी अडसर स्वतःच्या वजनानं खाली पडतो. तरफेनं तो उचलला की नकल सुटते. ८७ पट लहान केलं की वजन सुमारे साडेसहा लाख पटींनी घटतं. दहा किलोचा तुकडा उरतो पंधरा मिलिग्रॅमचा. जरा तेल-धूळ लागली की तो जागीच चिकटणार. म्हणून छोट्या गाड्यांचे कपलर बनवणाऱ्या कॅडी कंपनीनं वजनाचं काम स्प्रिंगला दिलं. दोन कपलर भिडले की बाजूला सरकतात, नकला दबतात, पुढे जातात आणि मिटतात. खाली लोंबणारी, ब्रेकच्या हवेच्या नळीसारखी दिसणारी वाकडी पिन पोलादी असते. रुळांमधल्या चुंबकावर गाडी थांबवून थोडी मागे ढकलली, की ताण सैल होतो, दोन्ही पिना विरुद्ध बाजूंना ओढल्या जातात आणि नकला उघडतात. ताणलेली गाडी मात्र चुंबकावरून न सुटता निघून जाते. आता इंजिन जरा पुढे घ्या आणि परत ढकला. तोंडं तिरकी टेकतात, पण अडकत नाहीत. डबा हवा तिथे नेऊन सोडता येतो. ही युक्ती मला अजूनही थक्क करते.

पण खऱ्या नकलेला स्प्रिंग नसते! सार्जंट या दुसऱ्या कंपनीच्या छोट्या कपलरात अडसर म्हणून बारीक पोलादी गोळी असते. ती वजनानंच पडते आणि वरून चुंबकाची कांडी धरली की उचलली जाते. जोडण्याआधी एक तरी नकल उघडी हवी, तोंडं समोरासमोर हवीत, नसली तर हातानं सरळ करायची. लोक याला गैरसोय म्हणतात. मला त्या दोन सेकंदांत ब्रेकमन दिसतो.

दोन्ही जातींचे डबे बाहेरच्या टेबलावर मांडलेत. जोडून बघा, पण खालच्या पिना वाकवू नका.