कपलिंगवरची खडूची रेघ

श्रोतेहो, नमस्कार.

माझी उमेदवारीची वर्षं एका साखर कारखान्याच्या बॉयलर हाउसमध्ये गेली. तिथे पाण्याचे दोन फीड पंप होते, एक चालू आणि एक स्टँडबाय, म्हणजे अडीअडचणीसाठी राखून ठेवलेला. स्टँडबायचा शाफ्ट, म्हणजे फिरणारा दांडा, रोज हाताने फिरवायचा आणि रजिस्टरमध्ये लिहायचं, असा नियम. महिनाभर रोज 'ओके' लिहिलेलं होतं. ऐन गळीत हंगामात एका रात्री चालू पंपाने मान टाकली. आम्ही दुसऱ्याकडे धावलो, तर शाफ्ट जाम, त्याच्या जोडावर, म्हणजे कपलिंगवर, कोळ्याचं जाळं! बॉयलरची पातळी दाखवणाऱ्या गेज ग्लासमधलं पाणी डोळ्यांदेखत उतरत होतं. जळणाच्या बगॅसचा, म्हणजे उसाच्या चिपाडाचा, पुरवठा तोडून बॉयलर बंद केला म्हणून निभावलं. गाळप मात्र सकाळपर्यंत ठप्प.

दुसऱ्या दिवशी आमच्या फिटरने कपलिंगवर खडूने एक रेघ ओढली. रेघ काल होती तिथेच आज दिसली, तर पंप फिरवलेला नाही. सह्यांवर त्याचा भरवसा नव्हता, आणि माझाही तेव्हापासून नाही.

हिशेबाच्या वहीत असा पंप म्हणजे नुसता खर्च. वर्षभर उभा, उत्पन्न शून्य. काटकसर करायची म्हटलं की पहिली कुऱ्हाड त्याच्यावरच पडते. भोपाळचं उदाहरण घ्या. युनियन कार्बाइडच्या कारखान्यात मिथाइल आयसोसायनेट हे विषारी रसायन शून्य अंशाच्या आसपास थंड ठेवायचं होतं. ते ३९ अंशांनाच उकळतं. जून १९८४मध्ये तिथली शीतकरण यंत्रणा बंद केली गेली, तिच्यातला थंडावा देणारा फ्रिऑन वायूही दुसरीकडे वापरला. गॅस जाळणाऱ्या फ्लेअरच्या पाइपचा गंजलेला तुकडा दुरुस्तीसाठी काढलेला होता. गॅस धुऊन निकामी करणारा स्क्रबर होता, पण तो एवढ्या लोटासाठी बांधलेलाच नव्हता. २ डिसेंबरच्या रात्री ६१० नंबरच्या टाकीत पाणी शिरलं आणि चाळीसएक टन वायू शहरावर गेला. कागदावर तीन बचाव होते. त्यांतले दोन जागेवर नव्हते, हे आतल्या माणसांना ठाऊक होतं, तरी कारखाना सुरूच होता. माझ्या मते त्या रात्रीइतकाच दोष आधीच्या सहा महिन्यांचा.

तुमच्या सोसायटीत जनरेटर असेल, तर येत्या रविवारी तो चालवून बघा. नुसता घरघरवून बंद करू नका, लिफ्टचा लोड देऊन अर्धा तास चालवा. आणि आधी वॉचमनला विचारा, टाकीत डिझेल आहे का?