उमेदवाराचा धर्म बघून मत द्यायचं का?

नमस्कार मंडळी. निवडणूक तोंडावर आली की सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज सुरू होतात, 'आपल्या माणसाला निवडून आणा.' काम काय केलं, ते त्यात नसतं. आडनाव वाचायचं आणि समजून घ्यायचं.

आता कायद्याचं बघू. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१, कलम १२३. धर्माच्या नावावर मत मागणं हा गैरमार्ग आहे. कोर्टात सिद्ध झालं तर निवड रद्द.

आणि ही नुसती धमकी नाही बरं का. १९८७ ची विलेपार्ल्याची पोटनिवडणूक. शिवसेनेचे डॉ. रमेश प्रभू निवडून आले. पण सभांमध्ये बाळासाहेब ठाकऱ्यांनी हिंदू म्हणून मतं मागितली, यावरून मुंबई उच्च न्यायालयानं १९८९ मध्ये निवड रद्द केली. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ती रद्दच ठेवली, आणि पुढे खुद्द बाळासाहेबांचा मतदानाचा हक्क सहा वर्षांसाठी गेला. गंमत म्हणजे त्याच दिवशी मनोहर जोशी मात्र सुटले! महाराष्ट्रात पहिलं हिंदू राज्य येईल, असं ते सभेत बोलले होते. कोर्ट म्हणालं, ही नुसती आशा झाली. आशा कुठे संपते आणि मतं मागणं कुठे सुरू होतं, हे मला तरी त्या निकालातून उमगलेलं नाही.

मग उमेदवारानं स्वतःचा धर्म पुढे करायचा नाही, पण मतदाराच्या धर्माला साद घालून मत मागितलं तर चालतं का? हा वाद १९९० च्या सांताक्रूझच्या निवडणुकीतून निघाला आणि २०१७ मध्ये सात न्यायाधीशांपुढे मिटला. चार विरुद्ध तीन. चौघं म्हणाले, तेही चालणार नाही. तिघांचं म्हणणं होतं, धर्मामुळे किंवा जातीमुळे ज्यांच्यावर अन्याय झाला, त्यांनी तो निवडणुकीत बोलायचाच नाही का? मला या तिघांचं जास्त पटतं.

पण हे सगळं मागणाऱ्यावरचं बंधन झालं. देणाऱ्यावर काहीच नाही. मशीनसमोर तुम्ही आणि बटण, कोण विचारणार?

म्हणून एक उदाहरण देतो. बॅरिस्टर अंतुले. रायगडमधल्या आंबेतचे कोकणी मुसलमान, १९८० मध्ये मुख्यमंत्री झाले. मेसेजवाल्यांच्या हिशेबानं या माणसाकडून काय अपेक्षा ठेवायची? त्यांनी १९८१ मध्ये कुलाबा जिल्ह्याला शिवरायांच्या राजधानीचं नाव दिलं, रायगड. लंडनहून भवानी तलवार आणायची घोषणाही त्यांचीच. निराधारांसाठीची संजय गांधी योजना त्यांच्याच काळातली. आणि जानेवारी १९८२ मध्ये खुर्ची गेली ती कशानं? सिमेंटनं. सरकारी कोट्यातल्या सिमेंटचं वाटप आणि त्यांच्या ट्रस्टला मिळालेल्या देणग्या, यांचा संबंध उच्च न्यायालयानं जोडला. यातलं चांगलं किंवा वाईट, काहीही त्यांच्या धर्मावरून आधी ओळखता आलं असतं का?

आता तुम्ही म्हणाल, मग धर्माचा विषयच काढायचा नाही? काढा की! वारसाहक्काचा कायदा, देवस्थानांच्या जमिनी, कुणी काय खायचं, आंतरधर्मीय लग्नं, यांवर आमदार मतदान करणार असतो. तो घरी कोणाची पूजा करतो किंवा नमाज पढतो की नाही, ते त्याचं त्याच्यापाशी. त्याच्या श्रद्धेचा नियम तो माझ्या घराला लावणार असेल, तर मात्र मी चारचौघांत विचारणार, आणि तो माझ्याच धर्माचा असला तरी विचारणार.

तुमच्या मतदारसंघात असा प्रश्न कुणी भर सभेत विचारलाय का? उत्तर काय मिळालं, ते खाली कमेंटमध्ये लिहा.