बोया तर जोरात हलतोय, मग वीज का मिळत नाही? लाटांच्या यंत्रातली खरी मेख

नमस्कार मंडळी! भारत पेट्रोलियम आणि इस्राएलची इको वेव्ह पॉवर यांनी मुंबईत लाटांवर चालणाऱ्या १०० किलोवॅटच्या प्रकल्पाचा करार २०२५ मध्ये जाहीर केला. तेव्हापासून खाली कमेंटमध्ये एकच धोशा चाललाय: "दादा, समुद्रात बोया (पाण्यावर तरंगणारा पिंपासारखा भाग) सोडायचा, त्याला डायनामो जोडायचा, झालं काम. इतकी वर्षं कुणाला सुचलं कसं नाही?"

सुचलं होतं हो! पॅरिसच्या जिरार बापलेकांनी १७९९ मध्येच लाटांच्या जोरावर यंत्र चालवण्याचं पेटंट घेतलं होतं. अडतंय ते दुसरीकडेच, आणि आजचा व्हिडिओ त्याच्यासाठीच आहे.

प्राथमिक गोष्टी झटपट उरकतो. लाटा वाऱ्यामुळे उठतात, भरती-ओहोटी चंद्र-सूर्यामुळे होते. दोन्हींची यंत्रं वेगळी. काही यंत्रं तरंगतात, काही किनाऱ्याला धरून असतात. आपल्याकडेही हे झालंय. केरळात विळिंजमला १९९१ मध्ये आयआयटी मद्रासच्या लोकांनी १५० किलोवॅटचं यंत्र उभं केलं. काँक्रीटची पोकळ पेटी. लाट आत शिरली की आतली हवा वर दाबली जाते, लाट ओसरली की हवा परत आत ओढली जाते. वर बसवलेलं वेल्स टर्बाइन हवा कुठूनही आली तरी एकाच दिशेने फिरतं. फार देखणी कल्पना आहे ती, तिच्यावर वेगळा व्हिडिओ करणार आहे.

आता मुद्द्यावर. हे बघा, माझ्या हातात खेळण्यातल्या गाडीची मोटर आहे. दोन्ही वायरी मोकळ्या आहेत. दांडा चिमटीत धरून फिरवतो, अगदी सहज फिरतोय. आता वायरींची टोकं एकमेकांना जोडतो आणि तोच दांडा फिरवतो. जाणवतंय का कॅमेऱ्यातून? बोटाला अडतंय, दांडा जड झालाय. वीज घ्यायची म्हणजे ब्रेक लावायचा! ब्रेकच नसेल तर बोया मस्त उड्या मारेल, पण वीज शून्य. ब्रेक फार कडक असेल तर बोया जागच्या जागी थिजेल, तरी वीज शून्य. वीज मिळते जोर गुणिले वेग या हिशेबाने. दोन्हींपैकी एक शून्य झालं की सगळंच शून्य.

एका कॉलेजात प्रोजेक्ट बघायला गेलो होतो. पोरांनी पाण्याची टाकी, फळीने लाटा, तरंगता डबा, गिअर, सगळं झकास बनवलं होतं. पण गिअर इतके भारी की डबा हलतच नव्हता, लाट त्याच्या डोक्यावरून वाहून जात होती. परीक्षकांनी विचारलं काय, तर "बल्ब किती पेटले?" अहो, डबा का हलत नाही हे विचारा ना! सगळं शिक्षण तर तिथेच होतं. मला अजूनही त्याचा राग येतो.

हीच गोष्ट दुसऱ्या बाजूने बघू. झोपाळ्याला झोका देताना नुसता जोर लावून भागत नाही, वेळ साधावी लागते. लाटेचंही तसंच. लहान बोया स्वतःच्या लयीत भराभर हलू बघतो, लाट मात्र आठ-दहा सेकंदांनी एकदा येणारी, संथ. मग नॉर्वेत बुडाल आणि फाल्नेस या दोघा संशोधकांनी युक्ती काढली: बोया वर पोचला की क्षणभर धरून ठेवायचा आणि नेमक्या वेळी सोडायचा. जोर लाटेचाच, वेळ मात्र आपली.

आणि तिसरी बाजू, मला सगळ्यात आवडणारी. बोयाने ऊर्जा घेतली म्हणजे त्याच्या मागची लाट लहान व्हायला हवी, बरोबर? ती लहान होणार कशी? बोया हलताना स्वतःच्या लाटा सोडतो, त्या येणाऱ्या लाटेला काही अंशी खोडून काढतात म्हणून. जो बोया चांगली लाट उठवू शकत नाही, तो चांगली लाट पिऊही शकत नाही. खोल समुद्रात आठ सेकंदांची लाट सुमारे १०० मीटर लांब असते. अशा लाटेवर वर-खाली होणारा एक बोया, वेळ अचूक साधली तर, जास्तीत जास्त सुमारे १६ मीटर रुंदीच्या लाटेची ऊर्जा घेऊ शकतो, स्वतः त्याहून बराच अरुंद असला तरी! म्हणून "बोया मोठा करा" हा सल्ला देण्याआधी जरा थांबा.

रत्नागिरीच्या एका मित्राने लिहिलंय, "पावसाळ्यात आमच्याकडे या, हवी तेवढी वीज न्या." दादा, तुमचा समुद्र मी पाहिलाय, पण हिशेब करू. लाटेची ताकद उंचीच्या वर्गावर आणि कालावधीवर ठरते. एक मीटर उंचीची, सहा सेकंदांची लाट रुंदीच्या दर मीटरमागे ढोबळमानाने ३ किलोवॅट देते. चार मीटरची, दहा सेकंदांची जवळपास ८०. म्हणजे यंत्र बांधायचं ८० सोसण्यासाठी आणि वर्षातले बरेच महिने कमवायचे ३ वर! खर्च वाढतो तो इथे. म्हणून चांगल्या यंत्राला वादळात लाटेकडे दुर्लक्षही करता आलं पाहिजे. इको वेव्ह पॉवर आपले तरंगते भाग वादळात वर उचलून घेते. पोर्तुगालच्या किनाऱ्यावर २०२३ मध्ये कॉरपॉवर या कंपनीच्या बोयाने १८.५ मीटरच्या लाटा झेलल्या, कारण एरवी लाटेच्या लयीत झुलणारं ते यंत्र वादळात मुद्दाम त्या लयीतून बाहेर काढलं जातं.

प्रोजेक्ट करणाऱ्यांना एकच विनंती. एकच बल्ब लावून थांबू नका. वेगवेगळे रेझिस्टर लावा (म्हणजे ब्रेक कमी-जास्त कडक करा), प्रत्येक वेळी व्होल्टेज आणि बोया किती हलला ते वहीत लिहा, आणि प्रत्येक रेझिस्टरला किती वीज मिळाली (व्होल्टेजचा वर्ग भागिले रेझिस्टर) त्याचा आलेख काढा. मध्येच कुठेतरी टेकडी दिसेल. ती दिसली की फोटो कमेंटमध्ये टाका, मी प्रत्येकाला उत्तर देईन.