एका बाहुलीत लाल, एकीत पांढरं

या मुलाचा हा फोटो नीट पाहा. फ्लॅश पडलाय. डोळ्याच्या एका बाहुलीत नेहमीचा लाल ठिपका, दुसरीत पांढरट चमक. अंधारात मांजराचे डोळे चमकतात ना, तशी. अशी चमक दर वेळी कॅन्सरचीच नसते, मोतीबिंदूतही दिसते. इथे मात्र डोळ्याच्या आतल्या पडद्यावर गाठ आहे. रेटिनोब्लास्टोमा.

आता हा आलेख. साल १९७१, गाव ह्यूस्टन, डॉक्टर आल्फ्रेड नड्सन. जनुक वाचायचं यंत्र तेव्हा कुणाकडेच नव्हतं. त्यांच्यापुढे होत्या ४८ रुग्णांच्या नोंदी: निदान कोणत्या वयात झालं, गाठ एका डोळ्यात की दोन्ही. वय वाढतं तसे निदान व्हायचे किती उरले, ते या रेघा दाखवतात. दोन्ही डोळ्यांत गाठी असणाऱ्यांची रेघ पाहा, सरळ उतरते. एकाच डोळ्यात गाठ असणाऱ्यांची आधी रेंगाळते, मग वाकते. एक घाव, म्हणजे जनुकातला एक बिघाड, पुरतो तिथे रेघ सरळ. दोन घाव लागतात तिथे वाकडी.

पेशींच्या वाढीला लगाम घालणारं एक जनुक तेराव्या गुणसूत्रावर असतं. त्याच्या दोन प्रती, एक आईकडची, एक वडिलांकडची. एक बिघडली तरी दुसरी निभावून नेते. पण काही बाळं एक बिघडलेली प्रत पेशीपेशीत घेऊनच जन्मतात. पडद्यातल्या असंख्य वाढत्या पेशींपैकी एखादीत दुसरी प्रत गेली, की गाठ धरायला वाट मोकळी. बाकीच्यांत एकाच पेशीवर दोन्ही घाव पडावे लागतात. ते क्वचित घडतं, उशिरा घडतं. नड्सन यांनी हे कागदावर मांडलं. जनुक प्रत्यक्ष हाती लागलं १९८६ मध्ये.

हा घराण्याचा तक्ता. वर्तुळ म्हणजे बाई, चौकोन म्हणजे पुरुष, काळा भरलेला म्हणजे आजारी. काळा चौकोन एकच, अगदी तळाशी. ‘आमच्यात कुणालाच नव्हतं’, हे खरंच असतं. आनुवंशिक प्रकारातही बहुतेकदा बिघाड त्या मुलापासूनच सुरू होतो. आणि आईच्या माहेराकडे बोट दाखवणाऱ्यांसाठी: असा नवा बिघाड बहुधा वडिलांकडून आलेल्या प्रतीत सापडतो. दोष त्यांचाही नाही. पुढे या मुलाच्या प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी. शिवाय मोठेपणी हाडांच्या आणि इतर कॅन्सरची जोखीम, म्हणून तपासण्या चालूच.

ही त्याची धाकटी बहीण. डोळ्यांत थेंब घातलेत, बाहुल्या मोठ्या झाल्यात. दिवा आत जातो. दोन्हीकडे लाल.

रक्ताचा रिपोर्ट अजून यायचाय.